निवळलेलं पाणी

नाल्याकाठच्या चार कारखान्यांना मिळून एकच नियम करायचा, म्हणून बैठक बोलावली होती. इतकी वर्षं जो तो आपल्या सोयीनं सांडपाणी मोजायचा. रंगवाला सकाळी यंत्रं सुरू व्हायच्या आधी बाटली भरायचा, कागदवाला नळाचं पाणी मिसळून झाल्यावर. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असा सगळा कारभार. त्यामुळे तिसरा तास चालू होता आणि गाडी तिसऱ्या कलमापुढे सरकली नव्हती.

बॅटरी कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या बाई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. अकरा वर्षं त्यांनी आपल्या कारखान्याचं पाणी तपासलं होतं, त्यात शिसं किती ते लिहून खाली सही केली होती. आकडा नेहमी मर्यादेच्या आत. आता नव्या नियमातली शिशाची मर्यादा याच आकड्यांवर ठरणार होती. आणि याच आकड्यांवर दोन वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या भावाचा अर्ज फेटाळला गेला होता.

भाऊ त्याच कारखान्यात सांडपाण्याचे हौद साफ करायचा. आधी त्याच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या, मग बोटं बधिर झाली, मग मनगटं लुळी पडली. आजार कामामुळे झाला असं मान्य झालं असतं, तर उपचार कारखान्यानं केले असते. चौकशीचं उत्तर आलं, पाणी मर्यादेत आहे. पुरावा म्हणून जोडलेल्या कागदांवर बहिणीची सही. भावानं त्यावरून कधी शब्द काढला नाही. बाईंनाही हळूहळू काही वाटेनासं झालं. सकाळी त्याच्या शर्टाची बटणं लावायची, त्याला भरवायचं, कामावर यायचं, बाटल्या भरायच्या.

चौथं कलम वाचायला सरकारी कचेरीतले म्हातारे रसायनतज्ज्ञ उठले. "बाटली हलवून गाळासकट नमुना घ्यावा. गाळ अॅसिडमध्ये विरघळवावा आणि मग मोजावं." त्यांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. "हे काय, सगळे करतच असतील."

माना डोलल्या. बाईंची हलली नाही.

त्यांच्याकडे बाटली दिवसभर उभी ठेवायची रीत होती. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात जुन्या साहेबांनी शिकवलं होतं, गाळानं यंत्राची बारीक नळी चोंदते, पाणी निवळू द्यावं आणि वरचं घ्यावं. बाईंनी ते निगुतीनं केलं. खालचा गाळ दर वेळी मोरीत ओतला, बाटली तीनदा विसळली. आणि शिसं तर गाळातच बसतं. हौदाच्या तळाचा तोच गाळ भाऊ फावड्यानं उपसायचा.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तसलं काही झालं नाही. जमीन होती तिथंच होती. बाई पेल्यातलं पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आम्ही हलवत नाही. निवळलेलं मोजतो. अकरा वर्षं."

रंगवाला खोकला. अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं. "मग यापुढे हलवा. नियम पुढच्या महिन्यापासून लागू होणार. मागचं कशाला उकरायचं?"

"मागच्याच आकड्यांवर मर्यादा ठरतेय," बाई म्हणाल्या. "ते खोटे आहेत. मी लेखी देते."

शेजारी बसलेले त्यांचे मॅनेजर कानाशी वाकले. "बाई, हात दाखवून अवलक्षण कशाला? साहेब कधीच वारले, चूक तुमच्या एकटीच्या नावावर लागेल. नोकरी जाईल. घरात कमावतं दुसरं आहे कोण?"

माणूस वाईट नव्हता, खरं तेच सांगत होता. बाईंनी कागद मागून घेतला आणि लिहिलं. अक्षर रोजच्यासारखं सुवाच्य आलं. शिशाच्या मर्यादेची जागा मसुद्यात कोरी ठेवून बैठक उठली. दाराशी म्हाताऱ्यांनी सांगितलं, या पत्रावर भावाचा अर्ज पुन्हा उघडता येईल, त्याची सही तेवढी आणा.

संध्याकाळी बाईंनी भावाला सगळं सांगितलं, अहवाल वाचून दाखवावा तसं. तो ऐकत राहिला.

"म्हणजे ताई, तू मोरीत ओतायचीस ते फिरून माझ्याच हौदात यायचं," तो म्हणाला आणि थोडासा हसला.

"चूक माझी आहे."

"आहेच," तो म्हणाला. मग तो म्हणाला, "आण तो अर्ज."

पेन बोटांत ठरेना. बाईंनी शाईचं पॅड आणलं, त्याचं मनगट धरून अंगठा पॅडवर घासला आणि कागदावर दाबला. तो कागदाकडे बघत नव्हता, ताईच्या तोंडाकडे बघत होता.

"टेकला का गं?" त्यानं विचारलं.

अंगठा केव्हाच टेकला होता. बाईंना हो म्हणता येईना.