उष्ट्या ताटांची खिडकी

शाळेच्या स्वयंपाकघरात पहिल्याच दिवशी तिचं नाव ‘वजनकाटा’ पडलं. ती आहारतज्ज्ञ होती, शिक्षण मंडळाने पाठवलेली. पण आल्या आल्या तिने पिशवीतून आधी काटा काढला आणि मग नमस्कार केला. आचारीकाकांनी तिथल्या तिथे नाव ठेवलं, दोन्ही अर्थांनी.

भांडण साधंच होतं, पण चिघळलं होतं. सहाशे मुलं शाळेत दुपारी जेवायची आणि घरी पोचताच भुकेने वखवखल्यासारखी करायची. काही पालक म्हणत, जेवणात दम नाही, स्वयंपाकघरच बंद करा आणि एखाद्या कंपनीची पाकिटं आणा. काही म्हणत, पाकिटं नकोत, आम्ही घरून डबे देतो. सगळ्यांच्या पुढे एक दातांचा डॉक्टर होता. त्याची मुलगी पाचवीत होती. जन्मभर दुसऱ्यांना तोंड उघडायला सांगणारा हा माणूस बैठकीत स्वतःचं काही मिटत नसे. मुख्याध्यापिकेने हात टेकले आणि मंडळाला पत्र लिहिलं.

तज्ज्ञबाईने दोन दिवस सगळं मोजलं. भात, अंडं, वाटाण्याचं सूप, गाजर, पाव, सफरचंदाची फोड. प्रथिनं बरोबर, लोह बरोबर, मीठ किंचित जास्त. चवही घेतली. अंडी नेमकी उकडलेली, वाटाणे मऊ पण अख्खे. आचारीकाका हाताची घडी घालून समोर उभे.

“काय म्हणतो तुमचा काटा?”

“तुमच्या बाजूने बोलतोय,” ती म्हणाली.

“मग ते दातवाले साहेब काय म्हणतात?”

जेवण चांगलं आणि पोरं उपाशी, हा हिशेब काही केल्या जुळेना. वाढलेलं अन्न मोजून झालं होतं, आता परत आलेलं मोजावं म्हणून तिसऱ्या दिवशी ती काटा घेऊन भांडी घासायच्या खोलीत गेली.

ती खोली म्हणजे वाफ, साबण आणि ताटांचा खणखणाट. भिंतीत कमरेएवढ्या उंचीवर हातभर रुंद खिडकी होती. पलीकडून मुलं खणांची उष्टी ताटं आत सरकवायची. आतून चेहरे दिसत नसत, नुसते हात. खिडकीपाशी भांडी घासणारी मावशी उभी होती, गेली बावीस वर्षं. एका हाताने ताट ओढायचं, उरलेलं बादलीत झटकायचं, ताट गरम पाण्यात सोडायचं. तोवर दुसरं हजर.

“मावशी, बादलीत टाकायच्या आधी मला जरा वजन करू द्याल?”

“करा की ताई. पण नुसत्या वजनावरून काय कळणार? सगळा काला होतो बादलीत.” मावशीने एक ताट तिच्यापुढे धरलं. “हे बघा. हिचा पुढचा दात पडलाय. गाजर कडेच्या दाढांनी चावलंय, सफरचंद तसंच ठेवलंय. सूप मात्र चाटूनपुसून.”

तज्ज्ञबाईला हसू आलं. तरी ती वाकली आणि खिडकीतून बाहेर बघितलं. वळून निघालेली एक चिमुरडी मैत्रिणीकडे बघून हसत होती. वरच्या ओळीत मधोमध फट.

पुढचं ताट आलं. “हा डावखुरा,” मावशी म्हणाली. “रोज सगळं खातो. आज उजव्या हाताने खाल्लंय, सूप बघा कसं चारी खणांत सांडलंय. डाव्या हाताला काहीतरी झालं असणार.”

ती पुन्हा वाकली. मुलाच्या डाव्या मनगटाला पट्टी होती.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तिने हातातला काटा खाली ठेवला आणि नुसती ऐकत राहिली. मावशी बोलत होती, हात थांबत नव्हते. कुणाला सूप नको असतं, कोण पिवळा बलक खाऊन पांढरं ठेवतो, कुणाचं ताट गेल्या आठवड्यापासून जडच परत येतंय. फुशारकी नाही, कौतुकाची अपेक्षा नाही. आपण भाजी निवडताना बोलतो तसं. आठ वर्षं शिकून आपण काय शिकलो, असं तज्ज्ञबाईला वाटून गेलं. अन्न शरीरात गेल्यावर त्याचं काय होतं ते तिला पाठ होतं. ते तोंडापर्यंत का पोचत नाही, हे कुठल्याच वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

“आता बघा हं,” मावशी म्हणाली, “आता शेवटची रांग येईल.”

आणि ताटांचा लोंढा आला. जवळजवळ भरलेली ताटं. सुपावर साय धरलेली, पावाला एकच चावा. बादली भरली, दुसरी लावली.

“हे असं का?”

“का म्हणजे? यांना ताट मिळतं तेव्हा घंटेला सात-आठ मिनिटं राहिलेली असतात. त्यात खेळायचंही असतं. जेवायचं की पळायचं? तुम्ही काय केलं असतं या वयात?”

“हे तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?”

मावशीने पहिल्यांदा हात थांबवला. “विचारलं कुणी?”

शुक्रवारी पालकांची बैठक होती. तज्ज्ञबाईने मावशीला चार शब्द बोलायला सांगितलं, तर मावशीने कानाला हात लावले. “मला भाषण येत नाही ताई, ताटं येतात.” मग तज्ज्ञबाईने उलटं केलं. बैठक जेवणाच्या सुट्टीत घ्यायला लावली आणि मुख्याध्यापिकेला व दातांच्या डॉक्टरला थेट खिडकीशी आणून उभं केलं.

डॉक्टर आधी नाक मुरडून उभा होता. मग मावशी बोलू लागली आणि त्याचं नाक हळूहळू सरळ झालं.

“ही पोरगी नखं खाते,” मावशी एक ताट ओढत म्हणाली. “आधी सगळं संपवायची. महिनाभर फक्त सफरचंद खाते. बाकीच्यांची ताटं दोन-दोन, तीन-तीन एकत्र येतात. हिचं एकटंच येतं. मला वाटतं, तिच्यासोबत कुणी बसत नाही.”

डॉक्टर खिडकीतून मागे सरकणाऱ्या हाताकडे बघत होता. मनगटावर निळ्या पट्ट्याचं घड्याळ.

“ते घड्याळ मी आणलंय,” तो म्हणाला. आवाज निम्म्याने खाली आलेला. “महिन्यापूर्वी तिची मैत्रीण शाळा सोडून गेली. घरी म्हणते, जेवण वाईट असतं.”

ताटं येत राहिली. डॉक्टरने बाह्या दुमडल्या आणि मावशीच्या शेजारी उभा राहून बादल्या उचलू लागला. शेवटची रांग संपेपर्यंत तो हलला नाही.

वाद त्या दिवशी मिटला असं नाही. मिठावरून अजून दोन बैठका झाल्या, आणि त्यात तज्ज्ञबाईचं आचारीकाकांशी चांगलंच वाजलं. लहान वर्गांना गाजर किसून द्यायचं ठरलं. पण मुख्य गोष्ट मुख्याध्यापिकेने आठवड्याभरात केली. आधी खेळ, मग जेवण, दोन पंगतींत. आणि बसल्यावर पंचवीस मिनिटं कुणालाही उठवायचं नाही.

पहिल्या दिवशी तज्ज्ञबाई जेवणाच्या दालनात उभी होती. मुलं मैदानावरून आली, लालबुंद, घामेजलेली. हात धुऊन बाकांवर बसली. सुरुवातीला गलका होता, मग तो हळूहळू विरत गेला. तीनशे मुलं जेवत होती. नुसते चमच्यांचे आवाज, एखादा गटकन घेतलेला घोट, पाव मोडल्याचा बारीक आवाज. तिने आयुष्यभर अन्नाचे तक्ते केले होते, पण इतकी मुलं एकाच वेळी मन लावून जेवताना तिने कधी बघितली नव्हती. एवढीशी तोंडं, आणि दालनभर ती एकच गोष्ट चाललेली. हात जोडावेसे वाटावेत असं काहीतरी होतं ते.

दाराशी दातांचा डॉक्टर उभा होता. त्याच्या मुलीला वर्गशिक्षिकेने वर्गातल्या दोन मुलींच्या मध्ये बसवलं होतं. ती बोलत नव्हती, पण सूप पीत होती.

तेवढ्यात आचारीकाका आतून धावत आले, चेहरा उतरलेला.

“ताई, घोटाळा झाला! दुसरी पंगत यायचीय आणि पाव संपले. सगळे परत मागतायत. बावीस वर्षांत असं झालं नाही हो!”

“अंडी?”

“अंडी आहेत. पाव आणायला माणूस पाठवलाय. बटाटे उकडायला टाकलेत, सोलायला कुणी नाही.”

तज्ज्ञबाईने डॉक्टरकडे बघितलं. त्याने कोट काढून दाराच्या खुंटीला अडकवला, आणि दोघं आचारीकाकांच्या मागून आत गेली.