न पुजलेला पाना

गोपालला त्या दिवशी काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवू. महादेवरावांच्या जिनचं वर्षभराचं दुरुस्तीचं काम, पंपघराची किल्ली, आणि मोतीराम मिस्त्री एकवीस वर्षं ज्यावर बसून चहा प्यायला ती लोखंडी खुर्ची. वेल्डिंग शिकून आलेल्या पंचविशीतल्या माणसाला याहून सोपा सौदा अख्ख्या धामणगाव बढ्यात नव्हता.

जिनमध्ये कापसातून सरकी निघते आणि रुई उरते, अन् रुईला पेटायला निमित्त लागत नाही. म्हणून आग विझवायच्या नळीनं पत्र्यावर पाणी फेकल्याशिवाय हंगामाचं बटण दाबायचं नाही, हा महादेवरावांच्या वडिलांचा नेम. मुहूर्त दसऱ्याचा, अकराचा. आणि नेमका त्या लाइनचा पाइप कापसाच्या ढिगाजवळ गंजून फुटला.

गोपाल म्हणाला, पंधरा मिनिटांत वेल्डिंग मारतो. मोतीराम म्हणाला, आट्यांच्या फ्लँजा लावतो. म्हणजे दोन जाड लोखंडी चकत्या, आतून आटे पाडलेल्या. पाइपाच्या दोन्ही टोकांवर आटे पाडायचे, त्यांवर चकत्या फिरवायच्या, मधे रबर घालून बोल्टांनी आवळायच्या. ठिणगी नाही, आणि पुढे कधी उघडायचं झालं तर पाइप कापावा लागत नाही. तेलाच्या कारखान्यात, गॅसच्या लाइनवर, जिथं आगपेटी न्यायची चोरी तिथं हेच चालतं. महादेवरावांनी स्वतःला सोयीचा निवाडा दिला: मुहूर्ताला ज्याच्या जोडातून पाणी चढेल, वर्षाचं काम त्याचं. वयाच्या मानानं पहिली पाळी मोतीरामची.

नवमीला मोतीरामनं आटे पाडले, गळू नये म्हणून आट्यांना सुतळी आणि सफेद्याची लुकण लावून फ्लँजा चढवल्या आणि बोल्ट नुसते बोटांनी फिरवून ठेवले. सफेदा रात्रभर बसू द्यायचा, शेवटचे फेरे सकाळी, ही त्याची रीत. पान्यांची पिशवी ऑफिसात ठेवून तो घरी गेला.

सकाळी येऊन पाहतो, तर पिशवी रिकामी. महादेवरावांच्या पत्नी अन्नपूर्णाबाईंनी सगळी हत्यारं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं होतं. मोठ्या पाइप पान्याला तर झेंडूची माळ. पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नाही, हा कायदा जिनमध्ये आणला कुणी? मोतीरामनंच. चार वर्षांपूर्वी महादेवरावांनी दसऱ्याला एक पक्कड उचलली, तर यानं त्यांना आठवडाभर ऐकवलं होतं. आता कोणत्या तोंडानं माळ काढणार? आणि गावात त्या दिवशी न पुजलेला पाना शोधणं म्हणजे लग्नघरात उपाशी माणूस शोधणं.

गोपालचं मशीन मात्र भाड्याचं. त्याची पूजा मूळ मालकानं करायची, म्हणून ते कोरं. साडेदहाला त्यानं केबल ओढत आणली. फाटकाशी मुहूर्ताच्या कापसाची गाडी उभी होती. महादेवराव घड्याळ पाहत म्हणाले, ढिगावर ओली ताडपत्री टाका आणि उरका.

मोतीराम खुर्चीवरून उठला नाही. "शेठ, होळी फागुनात असते. तुम्ही दसऱ्यालेच पेटवून राह्यले."

ताडपत्री तिथंच राहिली. अन्नपूर्णाबाई शेजारच्या स्वयंपाकघरातून, गरम पुरणाचं पातेलं उतरवायचं सोडून सांडशी हातात घेऊनच बाहेर आल्या होत्या. त्यांनी विचारलं, आपल्या नव्या कारला हार घातला, पण डिकीतला चाकाचा पाना कुणी पुजला का? तो प्लास्टिकातून निघालाच नव्हता. चार तोंडांच्या त्या पान्याचं एक तोंड बोल्टच्या डोक्यावर बरोबर बसलं. पण मागचा नट धरायला काय?

मोतीरामनं सांडशीकडे पाहिलं. "बाई, इले काऊन नाही पुजलं?"

"इले सुट्टी देली तर तुमाले जेवाले कोन घालन?" असं म्हणून बाई जरीच्या साडीनिशी पाइपाखाली वाकल्या आणि नट धरला.

मोतीरामचा खांदा दुखरा, म्हणून पाना गोपालच्या हाती आला. एकाच बाजूनं आवळू लागला तशी मोतीरामची टपली बसली: समोरासमोरचे घे बे, फ्लँज तिरपी होते. गोपाल चिडला, पण त्यानं ऐकलं. अकराला पाच कमी असताना पंप सुरू झाला. जोडाला एक थेंब फुटला नाही. नळी मानानं महादेवरावांच्या हाती होती. दाब येताच ती उसळली, पाणी आधी त्यांच्या नव्या टोपीवरून गेलं आणि मग पत्र्यावर.

आता हिशेब. खुर्ची मोतीरामकडे राहिली. गोपालच्या हातचं वर्षाचं काम गेलं, पण मोतीरामनं आपणहून सांगितलं, खांद्याला माणूस लागतो, उद्यापासून ये. महादेवरावांना मुहूर्त मिळाला, टोपी गेली.

आणि याची किंमत कुणी मोजली? सांडशी पाइपाखाली असताना पुरण चुलीवर बुडाशी लागलं. जिनवरच्या सत्तावीस माणसांनी करपल्या पुरणाची पोळी खाल्ली. मोतीरामनं चार खाल्ल्या. पातेलं मात्र दिवाळीपर्यंत अन्नपूर्णाबाईच घासत होत्या.