तांबड्या मावशीच्या कुंड्या

ह्वाथान गावातल्या देवीच्या देवळामागच्या अंगणात रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नसे. भिंतीशी मोगऱ्याच्या चाळीस कुंड्या. प्रत्येक कुंडीवर लाल कागदाची पट्टी, पट्टीवर एकेका बाईचं नाव. प्रत्येक बाईचं एक फुलझाड परलोकात देवीच्या बागेत असतं आणि जिला मूल होत नाही तिचं ते आजारी पडलेलं असतं, हे तिथं शेंबडं पोरही सांगे. त्या बागेत जाऊन परत येणारी एकच, तांबडी मावशी.

त्या रविवारीही डोळ्यांवर लाल फडकं बांधून ती टेबल बडवत होती. "आले गं बाई, पूल ओलांडला! हे कुणाचं झाड? लोंच्या घरातल्या बी-श्याचं? अगं अगं, काय दशा ही! उत्तरेकडच्या मुळाला किडा. थांबा, किडा बोलतोय..."

"काय म्हणतोय?" बी-श्याच्या सासूनं घाबरून विचारलं.

"कोंबडी मागतोय. तिळाच्या तेलातली."

मग तिनं फडकं सोडून बी-श्याची कुंडी उचलून दाखवली. तीन आठवड्यांपूर्वी हिरवंगार ठेवलेलं झाड करपून गेलं होतं. शेजारची कुंडी मात्र पांढऱ्या फुलांनी भरलेली. "हिच्या किड्याला मागच्या महिन्यात जेवण पोचलं. पांढरं फूल म्हणजे मुलगा!" साऱ्या अंगणानं हात जोडले.

गर्दीच्या मागं छिंग-यो कोंबडीचं ताट धरून उभा होता. बी-श्या त्याच्या पुतण्याची बायको. वहिनीनं, म्हणजे बी-श्याच्या सासूनं, त्याला ताट उचलायला म्हणून आणलं होतं. तीस वर्षं तो मोगराच लावत आला होता. त्याची बायको सू-ल्वान जाऊन दोन वर्षं झाली होती.

बी-श्या ओटीपोट दाबून त्याच्या शेजारी खाली बसली. "काका, पाळीत उभंच राहवत नाही हो. पण सासूबाई म्हणतात, किडा निघाला की दुखणंही जाईल."

सू-ल्वानही अशीच खाली बसायची.

छिंग-योनं ताट जमिनीवर ठेवलं. तो पुढं गेला, बी-श्याच्या कुंडीतली चिमूटभर माती घेतली आणि जिभेवर ठेवली.

"खारट आहे."

"असणारच!" मावशी डगमगली नाही. "त्या बागेत झाडांना बायकांचे अश्रूच शिंपतात."

"मग या झारीतही अश्रूच का?" त्यानं कोपऱ्यातल्या झारीत बोट बुडवून चाखलं. झारीमागं मोहरीची पानं खारवायच्या मिठाचं पोतं होतं, अर्धं रिकामं. "पानं कडेकडेनं अशी तपकिरी होऊन करपली, तर तो किडा नसतो, मीठ असतं. बहरलेली कुंडीही बरी झालेली नाही. दुसरंच फुललेलं झाड पुढं आणायचं आणि त्याच्या कुंडीवर नव्या नावाची पट्टी चिकटवायची, एवढंच. बघा, या पट्टीखाली अजून दोन नावं आहेत."

एका म्हातारीनं पट्टी नखानं उकलली आणि मोठ्यानं वाचली. गर्दीत कुजबुज झाली.

"भावजी!" वहिनी कडाडली. "देवीच्या दारात माती चाटत सुटलात! तुमच्या सू-ल्वानची कुंडी दीड वर्षं इथंच होती. तेव्हा बरी तुमची जीभ गप्प होती?"

छिंग-योला वाटलं, नाही म्हणावं. पण तोंडात अजून ती चव होती.

"तेव्हाही मला कळलं होतं, वहिनी. पहिल्याच दिवशी, नुसती पानं बघून. शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, दोघंही तपासणीला या. मला ते नको होतं. झाड आजारी निघालं की दोष तिचा. म्हणून मी गप्प बसलो. तिला रोज संध्याकाळी ताप यायचा आणि मी कोंबड्या आणायचो. शेवटी त्यांच्याकडं नेलं तेव्हा कळलं, गर्भनलिकांना क्षय होता. तो मेंदूपर्यंत चढला होता. लवकर आणलं असतं तर गोळ्यांनी बरी झाली असती, असं त्या म्हणाल्या."

पट्टी वाचणारी म्हातारी मावशीकडं वळली. "काय गं, बाप्यांच्या कुंड्या कुठं ठेवतेस?"

"पुरुषाला फूल नसतं!"

"सोय आहे की मग!" म्हातारी म्हणाली. बायका हसल्या. मावशी फडकं उचलून आत गेली.

छिंग-यो गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या पुतण्याकडं वळला. "मिंग-तो, उद्या सकाळी हिला घेऊन शहरात जा. तूही तपासून घे."

"मी कशाला, काका?"

"मीही अगदी हेच म्हणालो होतो."

मिंग-तोनं मान खाली घातली. बी-श्या मात्र नवऱ्याकडं बघत राहिली, तो हो म्हणेपर्यंत.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना तपासलं. बी-श्याच्या गर्भाशयाचं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढलं असावं, म्हणून एवढं दुखत असेल, असं त्या म्हणाल्या. कुणाची बीजं वेळेवर सुटत नाहीत, कुणाच्या नलिका बंद असतात, कुणाच्या गर्भाशयात गाठी होतात, आणि बऱ्याच जोडप्यांत कारण पुरुषातही सापडतं, हेही त्यांनी सांगितलं. मूल होईलच, असं वचन मात्र त्यांनी दिलं नाही.

वाचकहो, जो पहिल्याच दिवशी वचन देतो, त्याच्या झारीतलं पाणी चाखून बघा. मूल होत नसेल तर दोघं मिळून डॉक्टरांकडे जा, आणि लवकर जा. बाई दुखतंय म्हणाली, तर दुखतंय एवढं खरं माना. छिंग-योला हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून गप्प बसणाऱ्याला कुठलीही तांबडी मावशी फसवत नाही. तो आपणच आपल्याला फसवतो, आणि त्यात मरतं दुसरंच माणूस.