लोणीबाबाची पांढरी वाटी

मलकापूरजवळच्या आमच्या गावात दर गुरुवारी लोणीबाबाचा दरबार भरायचा. घरचं लोणी वाटीतून न्यायचं, बाबा पडद्याआड त्यात मंत्र घालणार, तेच लोणी अंगाला लावलं की इसब गायब! जीपगाड्या भरभरून माणसं यायची.

माझी धाकटी बहीण सोनम दोन वर्षांची. इसबानं खाजवून रक्त काढायची. बाबाच्या लोण्यानं आठवड्यात गाल गुळगुळीत झाले आणि आईनं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दिलेली ट्यूब उकिरड्यावर टाकली. बाबानंच सांगितलं होतं, "त्यात स्टिरॉईड हाय. लेकरू जाळशील."

दिवाळीपर्यंत सोनमच्या गालांवर लाल शिरा दिसायला लागल्या. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. लोणी थांबवलं की इसब दुप्पट. बाबाचं म्हणणं, भक्ती कमी पडली.

मला मात्र वेगळंच खुपत होतं. हे लोणी बोटांवर वितळतच नव्हतं. आमच्याकडं घरोघरी म्हशी, लोणी पांढरंच, त्यामुळं कुणाला शंका येणार? मी शेजारच्या धोंडुबाईकाकूंकडून त्यांच्या गाईचं पिवळंधमक लोणी मागून घेतलं आणि वाटी बाबाच्या हातात दिली. पडद्याआड अंधार, त्याला रंग कुठला दिसणार! वाटी बाहेर आली ती पांढरी.

"बाबा, गाईचं लोणी दिलतं की मी. गाईची म्हस कवा झाली?"

बाबा म्हणाला, मंत्रानं शुद्ध झालं. बायका माना डोलवायला लागल्या, काकूंनी तर मला गप्प बस म्हणून चिमटा काढला. मी सरळ पडदाच ओढला. आत मलमाच्या पिळून चपट्या केलेल्या ट्यूबांचा ढीग, आणि आम्हा सगळ्यांचं लोणी एका पातेल्यात, तुपासाठी कढवायला तयार. वाटीत परत यायचं ते ट्यूबमधलं मलम!

त्यातली एक ट्यूब घेऊन आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी ती वाचली आणि कपाळाला हात लावला. तीव्र स्टिरॉईड, मोठ्यांच्या जाड कातडीवरचं. ते बाळाच्या गालावर, महिनोन्‌महिने!

"मग तुमच्या ट्यूबमधी पण तेच की," आई म्हणाली.

"होय. पण सौम्य. इसब उठलं तिथंच पातळ थर, मी सांगेन तितकेच दिवस, आणि कातडी मऊ ठेवणारं साधं मलम रोज. असं वापरलं तर लेकरांना चालतं. भिऊन लावलंच नाही, तर पोर खाजवत राहतं."

बाबाचं मलमही त्यांनी एकदम बंद केलं नाही, हळूहळू उतरवलं. आता सोनम झोपते. आईसुद्धा.

म्हणून सांगते, औषधाच्या नावाला भिऊ नका. कुठलं, किती, कुठं, किती दिवस, हे विचारा. नीट उत्तर देतो तो खरा डॉक्टर. उत्तर टाळणारा कुणीही असो, त्याला चारचौघांत विचारा, मोठ्यानं. पोरगी असाल तर आणखी मोठ्यानं.