दाटीवाटीची मेमरी

"सर, कुंपण काढून एकदा चालवून बघू का?" श्रेयानं विचारलं.

"काही गरज नाय," सुदर्शन म्हणाला. "सकाळपासून चालू हाय मशीन. चुकलं का एकदा तरी? लोकांनी पट्टी नीट चिकटवायची नाय, आन आपण इथं मेमरी उकरत बसायचं!"

टेबलावर नवजात बाळांना ऊब देणारं यंत्र उघडं पडलं होतं. गादीवर बाळाऐवजी पाण्याची पिशवी, तिला चिकटवलेली तापमानाची पट्टी, आणि पडद्यावर छत्तीसच्या आसपासचा आकडा. चिकलठाण्याच्या एमआयडीसीतल्या त्या लहानशा कंपनीत ही यंत्रं बनत. त्यांच्या पोटातला कर्नल, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांना मेमरी वाटून देणारा कारभारी, सुदर्शनच्या हातचा होता.

कंपनी सुरू झाली तेव्हा प्रोसेसर स्वस्तातला आणि मेमरी चिमूटभर. सुदर्शननं तुकड्याला तुकडा असा खेटून बसवला की मधून मुंगी जाऊ नये. बाहेरचे इंजिनिअर बघून तोंडात बोटं घालायचे. माणसाला मिरवायला आयुष्यात एखादीच गोष्ट मिळते. कुणाचं पोरगं तहसीलदार होतं, कुणाच्या विहिरीला पाणी लागतं. सुदर्शनला ही दाटीवाटी मिळाली होती.

पुढं जुना प्रोसेसर बाजारात मिळेनासा झाला. नवा आला तो वेगळ्या घडणीचा, आणि त्याच्याजवळ मेमरीही उदंड. तरी सुदर्शननं आपला संसार आहे तसा उचलून नव्या घरात मांडला. त्याच्या हाताखालची श्रेया तेव्हाच म्हणाली होती, "सर, आता इतकी काटकसर कशाला?" त्यावर यानं सुनावलं होतं, "अंथरूण मोठं मिळालं म्हणून लोळत सुटायचं नसतं."

नव्यातलं पहिलं यंत्र चाचणीसाठी सिल्लोडच्या एका बालरुग्णालयात गेलं. तिथल्या नर्स विशाखाताईंनी एका सकाळी बाळाच्या पाठीला हात लावला आणि त्या ओरडल्याच. पडद्यावरचा आकडा जिथल्या तिथं, बाळ मात्र तव्यासारखं तापलेलं. आकडा हवा तेवढा वाढत नाही म्हणून यंत्र आपलं तापतच राहिलं होतं. बाळ वाचलं, पण पाठीवर फोड आले.

यंत्र परत आलं. सुदर्शननं तपासलं, त्यात काही सापडेना, आणि त्यानं डॉक्टरांना फोनवर सांगून टाकलं, "पट्टी निसटली असणार." निसटलेली पट्टी बाळाऐवजी गार हवा मोजते, त्यामुळं ते पटण्यासारखंही होतं. दुसऱ्या दिवशी विशाखाताईंना बाळांच्या खोलीतून काढून केसपेपरच्या खिडकीवर बसवलं. हे कानावर आलं तेव्हा सुदर्शनला वाईट वाटलं. आपलं काही चुकलं, असं मात्र वाटलं नाही.

श्रेयाला चैन पडेना. सुदर्शनची तपासायची पद्धत ठरलेली. तक्रार आली की मेमरीच्या प्रत्येक तुकड्याभोवती थोडी रिकामी जागा सोडायची, म्हणजे कुणी हद्द ओलांडली तर पकडता येतं. यालाच ते कुंपण म्हणत. सुदर्शन चहाला खाली गेला, तेवढ्यात तिनं कुंपण काढून यंत्र पुन्हा चालू केलं.

तो परत आला तेव्हा पडद्यावर छत्तीसच होते.

"बघ, म्हटलं नव्हतं मी?"

"सर, पिशवीला हात लावा."

त्यानं लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. पट्टी घट्ट चिकटलेली होती.

खुर्चीत बसल्यावर त्याला एकेक उलगडत गेलं. नवा प्रोसेसर मेमरीतून घासभर उचलत नाही, चौसष्ट बाइटांचं अख्खं ताट पुढ्यात ओढतो. त्यातली एक वाटी बदलली तरी परत ठेवताना अख्खं ताट ठेवतो. मधल्या वेळात पट्टीकडून आलेलं ताजं तापमान मूळ जागी परस्पर लिहिलं गेलेलं असे, ते या ताटाखाली पुसलं जाई आणि जुनाच आकडा उरे. जुना प्रोसेसर असला ताळमेळ आपणहून ठेवायचा. नव्याचं म्हणणं साधं होतं: बाहेरून येणाऱ्या माहितीला स्वतंत्र ताट द्या. सुदर्शननं ती शेजाऱ्याला खेटून बसवली होती. आणि कुंपण घातलं की तुकडे आपोआप लांब जात, ताटं वेगळी होत, दोष गायब. चोर पकडायला तो दिवा लावत होता आणि चोर दिवा विझायची वाट बघत होता.

"पट्टी निसटली नव्हती," तो म्हणाला.

मालक विश्वजीतनं सगळं ऐकून घेतलं. "दुरुस्त होतंय ना? मग अपडेट म्हणून टाकून द्या. कारण कशाला सांगायचं? बाळ बरं हाय."

"आन ती नर्स?"

"तिला काय फाशी दिली का? खिडकीवर बसली, पगार तोच हाय. सुदर्शन, कंपनी बुडवायची का तुला?"

सुदर्शन जागेवर आला. पट्टीपुरती वेगळी जागा दिली असती तरी भागलं असतं. पण उद्या दुसरं कुणी कुणाशेजारी बसणार, याचा भरवसा त्यालाच उरला नव्हता. त्यानं आपली सगळी दाटीवाटी काढून टाकली आणि नव्या प्रोसेसरची स्वतःची ऐसपैस मांडणी बसवली. रडू आलं त्याला, खोटं कशाला सांगा. आणि मालकाला न विचारता तो सिल्लोडच्या गाडीत बसला.

डॉक्टर आधी संतापले, मग त्यांनी सगळं पुन्हा समजून घेतलं. म्हणाले, "विशाखाला आजच आत घेतो."

खिडकीशी रांग होती. सुदर्शन बाजूनं पुढं झाला. "ताई, मी मशीनच्या कंपनीतला. पट्टी तुम्ही बरोबर लावली होती. चूक माझी होती."

विशाखाताईंनी मान वर केली. "व्हय?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "मला आठवत होतं ना भाऊ, दाबून लावली म्हणून. पन सगळेच म्हनाया लागले निसटली, तर मलाबी वाटलं, आसंल निसटली. त्या लेकराची पाठ डोळ्यापुढून जात नाय बगा."

"डॉक्टर तुम्हाला परत आत घेणार आहेत. आजच."

"नगं," त्या घाईनं म्हणाल्या. "इथंच बरंय."

त्याला काही बोलायचं होतं, पण मागून कुणीतरी म्हणालं, "सरका की भाऊ, लेकरू रडायलंय." तो सरकला. एक बाई दुपट्यातलं बाळ घेऊन पुढं आली.

"आईचं नाव?" विशाखाताईंनी विचारलं.

"तनुजा."

त्यांनी लिहिलं. लिहिलेलं वाचलं. मग पेन तसंच धरून पुन्हा विचारलं, "तनुजाच ना?"

"व्हय, तनुजा."

त्यांनी कागद फाडायला घेतला, थांबल्या, आणि खिडकीतून वाकून परत म्हणाल्या, "बाई, एकदा नीट सांगा बरं. काय म्हनालात?"