माळ्यावर न बसणारी पाठपिशवी

मित्रांनो, मी एक जुनी पाठपिशवी आहे. जुनी म्हणताना माझी मान खाली जात नाही. मला मान नाही हे खरे, पण दोन पट्टे आहेत आणि ते अजून ताठ आहेत.

माझा जन्म ताडपत्रीच्या कारखान्यात, शिलाई खात्यात झाला. ट्रकवर घालायच्या एका ताडपत्रीची कड उरली होती. ती कचऱ्यात जायच्या आत एका बाईने मुकादमाला विचारून उचलली. ही बाई अंबाड्यात ओवलेली सुई खोचून फिरायची, म्हणून सगळ्या तिला 'दोरा' म्हणत. काम सुटल्यावर चार संध्याकाळी बसून तिने मला शिवले. पट्टा जिथे पिशवीला जोडतात तिथे तिने चौकोन शिवला आणि चौकोनात फुली मारली. ट्रकची ताडपत्री वाऱ्यात टिकते ती याच टाक्यावर. मुकादम मला पाहून म्हणाला, "ही पिशवी आहे की गाढवाचं खोगीर?" सगळे खाते हसले. मी मनात म्हटले, हसा लेको, बघून घेईन.

दोराच्या दोन मैत्रिणी त्याच खात्यात होत्या. एक उंच, म्हणून लांबू. दुसरी मिरची; तिने तोंड उघडले की नाव का पडले ते कळायचे. वर्षातून एकदा यंत्रांच्या दुरुस्तीसाठी कारखाना आठ दिवस बंद राही. तेव्हा या तिघी धबधबे पाहायला पायी निघत आणि मी दोराच्या पाठीवर असे. डबे, चादरी, ओले कपडे, एकदा तर लांबूचा मुरगळलेल्या पायातला बूटसुद्धा मी वाहिला. बारा गावचे पाणी प्यायलेली म्हणतात ना, ती मी.

मग तिघी निवृत्त झाल्या. दोराच्या मुलाने तिला नवी पिशवी आणली. तिला सात चेनी आणि चकचकीत अंग होते. मी माळ्यावर गेले. तीन वर्षे रद्दीच्या गठ्ठ्याखाली पडून होते, उंदराने माझा एक खिसा कुरतडला. मला रडू आले नाही, राग आला. नव्याचे नऊ दिवस संपले आणि नवीच्या सातपैकी पाच चेनी अडकून बसल्या. मैत्रिणींनी धबधबा आणि त्याच्या खालचे धरण पाहायचा बेत केला, तेव्हा दोरा स्टुलावर चढली आणि तिने मला खाली ओढले.

मुलगा म्हणाला, "आई, लोक हसतील. आणि या वयात कशाला डोंगर चढतेस?"

"लोकांना दात दिलेत ते हसायलाच," दोरा म्हणाली.

"बरं. पण ही पिशवी या वेळी फाटली तर मी ती टाकून देणार, आणि तूही घरी बसायचं. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. तिने माझ्या वतीनेही कबूल केले. मला विचारले असते तरी मी हेच म्हटले असते.

धबधबा पाहून झाला. दुपारी तिघी धरणाच्या खाली नदीच्या पात्रात उतरल्या. पात्र कोरडे होते, मोठेमोठे गुळगुळीत धोंडे उन्हात तापले होते. तेवढ्यात धरणावरचा भोंगा वाजला.

आता कारखान्याची एक गोष्ट सांगायला हवी. तिथे बाराला भोंगा वाजायचा आणि यंत्रे थांबायची. सुट्टी फक्त अर्धा तास, म्हणून जी जिथे असेल तिथेच बसून डबा उघडायची. तीस वर्षे हेच. त्यामुळे भोंगा ऐकताच या तिघी मागचापुढचा विचार न करता मटकन खाली बसल्या.

"बसा गं, सुट्टी झाली!" मिरची म्हणाली आणि डबे उघडले गेले.

काठावरून धरणाचा रखवालदार हात हलवून ओरडत होता. वाऱ्याने शब्द पोचत नव्हते. लांबूनेही हात हलवला. मिरची ओरडली, "या भाऊ, जेवायला या!"

मग धोंड्यांच्या फटींतून पाणी आले. आधी घोट्याला, बघता बघता गुडघ्याला. वीज तयार करून बाहेर सोडलेले ते पाणी होते आणि भोंगा त्याचीच सूचना देत होता. लांबू ढांगा टाकत काठावर गेली. तिच्या मागे मला पाठीवर घेऊन दोरा पोचली. मिरची मात्र डबा उचलायला वाकली, तिचा पाय घसरला आणि ती कमरेपर्यंत पाण्यात गेली. तिने एक धोंडा धरला, पण हात सुटू लागला.

दोराने मला पाठीवरून काढले. एक पट्टा तिने स्वतःच्या मनगटाला गुंडाळला आणि मला पाण्यावर फेकले. "पट्टा धर!" मिरचीने दुसरा पट्टा धरला. लांबूने दोराची कंबर पकडली. इकडून दोन बाया ओढत होत्या, तिकडून नदी. चौकोनाची शिलाई कटकट उसवू लागली. मी नदीला म्हटले, ओढ हवी तेवढी, हा टाका वाऱ्यालाही पुरून उरतो. फुली हलली नाही. मिरची काठावर आली.

रखवालदार धापा टाकत पोचला. "अहो मावशी, भोंगा ऐकू आला नाही का?"

"आला म्हणूनच तर बसलो!" मिरची दात वाजवत म्हणाली.

त्याने कपाळाला हात लावला. मग कपडे वाळवायला तो त्यांना वीजघरात घेऊन गेला. तिथे जमिनीखाली पाण्याच्या जोराने चक्रे फिरत होती आणि फरशी पायाखाली थरथरत होती. मिरचीने वाकून फरशीला हात लावून पाहिला. मग म्हणाली, "एवढ्या दांडगटाशी भांडलो होय आपण!"

घरी मुलाने माझा उसवलेला पट्टा पाहिला. "फाटली ना? शब्द दिला होतास, आई."

शब्द दोराने खरेच दिला होता. पण मिरची सोबत आली होती. ती दारातच उभी राहिली. "टाक. पण आधी मला टाक. याच पट्ट्याला लोंबकळत मी परत आलेय." तिने सगळे सांगितले. मुलाचा चेहरा उतरला. तो आईच्या मनगटावरचा निळा वळ पाहत राहिला. मग त्याने तिच्या अंबाड्यातली सुई काढली आणि तीन वेळा चुकून चौथ्यांदा तिच्यात नवा, जाड दोरा ओवला.

मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझ्यासारखे कोणी असेल तर त्याची कीव करू नका. खाली काढा, उसवले असेल तिथे टाका घाला आणि कामाला लावा. मोडेन पण वाकणार नाही, असे लोक म्हणतात. मी वाकते, माझी घडीही होते, पण मी सुटत नाही. आता मी माळ्यावर नसते. दाराजवळच्या खुंटीवर असते, दोराच्या बुटांच्या बरोबर वर.