उरलेला पिवळा

मार्गशीर्षातली सोनकोवळी, धुकेधूसर सकाळ. वेंगुर्ल्याच्या खाडीवर ऊन उतरलं होतं, माडांच्या झावळ्यांतून निथळत होतं, आणि केशव वेर्णेकर सोनारांच्या पाटावर एक अंगठी लखलखत होती. तिचा खडा पिवळा. नुसता पिवळा. आग लागो त्या लखलखाटाला!

कालपर्यंत त्या स्फटिकात दोन प्रहर नांदत होते. अर्ध्यात जांभळी कातरवेळ, अर्ध्यात मधुपिवळी सकाळ. बोट हललं की एक रंग दुसऱ्याला हाक मारी. शशिकलावहिनींच्या यजमानांनी तो निवडला होता. ते गेले, वहिनींच्या बोटांचे सांधे सुजले, अंगठी चढेना.

"थोडी वाढवून द्या, भाऊ," वहिनी म्हणाल्या होत्या. "पण खड्याला जपा हं. ह्यांच्या हातचं एवढंच उरलंय."

जपा! केशवरावांना का ते ठाऊक नव्हतं? असा खडा कोमट साबणपाण्यानं धुवावा, मऊ फडक्यानं टिपावा, कडक उन्हात ठेवू नये, आगीपाशी तर नेऊच नये. सोनं सांधण्याआधी खडा काढायचा, हे चाळीस वर्षं तेच ओरडून सांगत आले होते. पण खडा धरून ठेवणाऱ्या कोंदणाच्या नख्या झिजलेल्या. काढताना तुटल्या तर? म्हणून त्यांनी सोनारांची जुनी युक्ती केली. खडा गार राहावा म्हणून तो कच्च्या बटाट्यात खुपसला आणि अंगठीवर ज्योत धरली. अशी माणकं वाचली होती, हिरे वाचले होते. हा वाचला नाही. बटाटा आतून सुकून करपला, आणि जांभळा मुकाट्यानं पिवळा झाला.

"गाढवा!" केशवराव स्वतःवरच खेकसले. "चाळीस वर्षं काय नुसती भट्टी फुंकलीस?" त्यांनी खडा धुतला, पुसला, पुन्हा धुतला. रंग म्हणजे काय मळ आहे, की धुतल्यानं फरक पडेल? चरफडत त्यांनी चिमटा आपटला. नेमका हाच खडा, नेमका आपल्याच हातून!

उन्हं वर आली आणि वहिनी आल्या. केशवरावांनी मान खाली घालून सारं सांगून टाकलं. आता चिडावं त्यांनी, वाटेल ते बोलावं!

वहिनींनी अंगठी बोटात घातली. अगदी बेताची बसली. मग दाराशी जाऊन त्यांनी हात उजेडात धरला, इकडे वळवला, तिकडे वळवला.

"नाही हो वहिनी, जांभळा तिकडेही नाही," केशवराव कळवळून म्हणाले.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या, आणि हळूहळू, पुन्हा, हात वळवत राहिल्या.